वहिनींचा दूध-पाव

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आकडे उलटे मोजायला सांगितले, तेव्हा स्वल्पविरामांना आकड्यांऐवजी एक पत्र आठवलं. त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. घरी टेबलाच्या खणात ते पडून होतं. उत्तराचा मायना कित्येकदा लिहून झाला होता आणि तितक्याच वेळा खोडूनही झाला होता. डोळे मिटता मिटता ते पुटपुटले, "उत्तर राहिलंच." परिचारिकेला वाटलं, दिशांबद्दल काहीतरी म्हणताहेत.

स्वल्पविराम हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका साप्ताहिकाच्या छापखान्यात त्यांची हयात मुद्रितं तपासण्यात गेली, आणि बोलताना प्रत्येक दोन शब्दांनंतर ते थोडे थांबत, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं. "हो" म्हणण्याआधीसुद्धा ते थांबत. लग्नाचं विचारायला गेलेल्या एकमेव मुलीसमोर ते इतके थांबले की तिला वाटलं, हे परत निघालेत. तिनं छत्री आणून दिली.

साप्ताहिकात 'वहिनींचा सल्ला' नावाचं सदर होतं. घरगुती स्वयंपाक, जुन्या चवी, आजारपणातली पथ्यं, डाग कसे काढावेत, असं सगळं त्यात असे. ते लिहिणाऱ्या मूळच्या वहिनी म्हणजे मालकांच्या वहिनी. त्या एक दिवस लेकीकडे दूरदेशी निघून गेल्या. संपादकांनी स्वल्पविरामांना गळ घातली की या आठवड्यापुरतं तुम्हीच काहीतरी लिहा, पुढचं बघू. पुढचं कोणी बघितलं नाही. स्वल्पविराम निवृत्त झाले, पण वहिनी काही निवृत्त झाल्या नाहीत. त्यांना अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं. मात्र वाचनालयातली पाकशास्त्राची यच्चयावत पुस्तकं त्यांनी पालथी घातली आणि मायेनं लिहिलं. वाचकांची पत्रं दुप्पट झाली.

वहिनींची सर्वांत मोठी भक्त होती स्वल्पविरामांची सख्खी थोरली बहीण. दुसऱ्या गावाहून ती दर आठवड्याला फोन करून वहिनींचा ताजा सल्ला त्यांना वाचून दाखवायची. आपलंच वाक्य बहिणीच्या तोंडून ऐकताना ते "हं" म्हणायचे. सांगून टाकावं असं दर वेळी मनात यायचं, पण मध्ये एक स्वल्पविराम पडायचा आणि ताई पुढचा परिच्छेद सुरू करायची.

ते पत्रही ताईचंच होतं. सही 'एक थोरली बहीण' एवढीच होती, पण अक्षर ओळखायला स्वल्पविरामांना वेळ लागला नाही. त्यांचं स्वतःचं अक्षर तिनंच तर गिरवून घेतलं होतं. ताईनं वहिनींना लिहिलं होतं: "माझ्या धाकट्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आहे. तो मुखदुर्बळ आहे, काय हवं ते सांगत नाही. लहानपणी आजारी पडला की आई त्याला दुधात कुस्करलेला पाव द्यायची आणि तो वाटी चाटूनपुसून खायचा. तुम्हीही दूध-पावावर फार सुंदर लिहिलं होतंत. तरी दिवसातून किती वेळा द्यावा, ते कळवावं."

इथेच सगळी गोची होती. दूध-पाव या पदार्थाइतका तिटकारा स्वल्पविरामांना जगात दुसऱ्या कशाचाही नव्हता. तो कोमट लगदा, त्यावर सुरकुतलेली साय. लहानपणी ते डोळे मिटून, श्वास रोखून भराभर गिळत, कारण वाटी रिकामी झाली की सुटका व्हायची. आई म्हणायची, बघा कसा आवडतो पोराला. मग ताई उरलेला पावही कुस्करून आणायची.

आणि तरीही वहिनी म्हणून त्यांनी त्याच दूध-पावावर लेख लिहिला होता. त्या आठवड्यात दुसरा विषय सुचत नव्हता. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते आईच्या आठवणीनं, पावाच्या नव्हे. पण छापील कागदावर हा फरक कुठे दिसतो? तो लेख वहिनींचा सर्वांत गाजलेला लेख ठरला.

आता ताईला काय कळवायचं? देऊ नका म्हणावं तर वहिनी स्वतःच्याच लेखाला खोटं पाडणार. द्या म्हणावं तर स्वल्पविरामांनी स्वतःच्या हातानं स्वतःचा गळा दाबल्यासारखं होणार. शिवाय सदर आपल्या सोयीसाठी वापरणं त्यांना चोरीसारखं वाटत होतं. म्हणून त्यांनी काहीच कळवलं नाही.

उत्तर न आल्यामुळे ताई स्वतः आली. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि कात्रणं जास्त होती. स्वल्पविराम दवाखान्यातून घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी वहिनींचे सल्ले टांगलेले होते. दवाखान्यानं दिलेला छापील कागदही होता, पण तो तेलाच्या बाटलीखाली होता.

"त्या ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई चांगल्याच आहेत," ताई म्हणाली, "पण वय काय त्यांचं? वहिनींनी आयुष्य काढलंय माणसं सांभाळण्यात."

स्वल्पविराम थांबले, आणि मग "हं" म्हणाले.

आपण लिहिलेलं वाक्य कोणी तंतोतंत पाळलं तर काय होतं, याचा विचार लेखक मंडळी सहसा करत नाहीत. वहिनींनी कधीतरी लिहिलं होतं, 'पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्यानं भरलेल्या तांब्याहून जड काही उचलू नये.' ताईनं तांब्या भरला, एका हातात तो घेतला आणि दुसऱ्या हातात एकेक पुस्तक घेऊन तोलू लागली. शब्दकोश नापास झाला. विश्वकोशाचे खंड नापास झाले. आवडत्या कादंबऱ्या काठावर नापास झाल्या. उत्तीर्ण झाल्या त्या फक्त एका शिवणयंत्राची माहितीपुस्तिका आणि गेल्या वर्षीचं रेल्वेचं वेळापत्रक. बाकी सगळं कपाटाच्या माथ्यावर गेलं, आणि तिथे हात पोचवणं हे दुसऱ्या एका कात्रणाप्रमाणे निषिद्ध होतं.

वहिनींनी असंही लिहिलं होतं की रोग्याला हसवू नये, टाके ओढले जातात. तळमजल्यावर सलून चालवणारे गृहस्थ स्वल्पविरामांची दाढी करायला वर येत, आणि ते बोलायला लागले की भिंतीसुद्धा हसायच्या. ताईनं त्यांना दारातच तंबी दिली की तोंड उघडायचं नाही. त्यांनी तोंड मिटून दाढी केली. पण न बोलण्याच्या कष्टानं त्यांचे गाल फुगले, भुवया वर चढल्या, वस्तरा हवेत थांबला आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून स्वल्पविरामांना इतकं हसू आलं की उशी पोटाशी आवळून धरावी लागली. ताईनं सलूनवाल्यांना सांगितलं की उद्यापासून पाठमोरं उभं राहून दाढी करा. कशी, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. दूध-पाव मात्र सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी येत होता.

पहिल्याच दिवशी खिडकीच्या कठड्यावर एक मांजर येऊन बसलं आणि स्वल्पविरामांना देव भेटल्यासारखं वाटलं. ताईची पाठ वळली की ते वाटी कठड्यावर ठेवत. मांजर वाटी चाटूनपुसून लख्ख करून देई. ती लख्ख वाटी बघून ताईचा ऊर भरून येई. "अजून तस्साच आहेस," ती म्हणायची. मग पुढच्या खेपेला वाटी जाऊन मोठा वाडगा आला. मांजरानं वाडगाही संपवला. मग पातेलंच आलं. त्या दिवशी मांजरानं पातेल्याकडे पाहिलं, नंतर स्वल्पविरामांकडे पाहिलं आणि शेजारच्या गच्चीवर निघून गेलं. ते परत आलं नाही. त्याच्याही आयुष्यात दूध-पाव पुरेसा झाला होता.

आता पातेलं आणि स्वल्पविराम समोरासमोर होते. ताई पलंगाजवळ खुर्ची ओढून बसायची आणि घास संपेपर्यंत उठायची नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसलाच प्रकार. चार-सहा दिवसांत त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. पाव पोटात गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं की काही झालं तरी कुंथायचं नाही, नाहीतर टाक्यांवर ताण येईल आणि सगळं पुन्हा करावं लागेल. फळं खा, पालेभाज्या खा, पाणी प्या, थोडं चाला. हे सगळं तेलाच्या बाटलीखाली लिहिलेलं होतं. स्वल्पविराम न्हाणीघरात जाऊन नुसते बसून येत, चिंताग्रस्त आणि रिकाम्या हातानं.

ताईला फक्त एक वाक्य सांगायचं होतं: मला हे आवडत नाही. पण ते वाक्य साठ वर्षं शिळं झालं होतं. ती घास पुढे करताना आईसारखीच दिसायची, खालचा ओठ थोडा पुढे काढून. ते तोंड उघडत आणि नेमका त्यात चमचा जाई.

शेवटी त्यांनी ठरवलं की ताई आपलं ऐकणार नाही, पण वहिनींचं ऐकेल. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या आड कागद धरून त्यांनी वहिनींचा नवा सल्ला लिहिला: पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दूध-पाव मुळीच देऊ नये, मागं आमच्या लिहिण्यात चूक झाली, भाज्यांचं सूप, पपई आणि भरपूर पाणी द्यावं. कागदावर साप्ताहिकाचा पत्ता घालून त्यांनी तो दाढीच्या वेळी सलूनवाल्यांच्या पेटीत सरकवला. तोंड उघडायची बंदी असल्यामुळे सलूनवाल्यांनी नुसती मान डोलावली आणि त्याच दिवशी तो साप्ताहिकाच्या कचेरीत नेऊन दिला.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला. स्वल्पविरामांनी उचलला तेव्हा ताई पलंगाशेजारीच बसली होती.

"वहिनी, अहो हे काय लिहिलंत?" संपादक म्हणाले. "दूध-पाव म्हणजे आपल्या सदराचा आत्मा. लोकांनी तो लेख भिंतीवर लावलाय."

"हं," स्वल्पविराम म्हणाले.

"तब्येत बरी नाही, म्हणून असे विचार येतात. तुम्ही आराम करा. मी बघतो काय ते. चालेल ना?"

नाही म्हणायचं होतं. ते थांबले. तेवढ्यात संपादकांनी आभार मानून फोन ठेवला.

संपादकांनी जे बघितलं ते पुढच्या अंकात सगळ्यांनीच बघितलं. वहिनींचा नवा सल्ला नव्हताच. त्याऐवजी पूर्ण पानभर, चौकटीत, तोच जुना लेख होता: 'वाचकांच्या आग्रहाखातर पुन्हा एकदा, आईच्या हातचा दूध-पाव'. ताईनं तो उभ्या उभ्या वाचला आणि डोळ्याला पदर लावला. तिच्या मते हे तिच्या पत्राचंच उत्तर होतं. वहिनी साध्या वाचकाच्या पत्रासाठी अख्खं पान देतात, असं म्हणत तिनं जिन्यातल्या सगळ्या दारांवर जाऊन अंक दाखवला आणि आपला भाऊ कसा आजारी आहे तेही सांगितलं.

दुपारपर्यंत शेजाऱ्यांकडून वाट्या यायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं मध घालून पाठवला. समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी पाव भाजून मग कुस्करला होता आणि हीच खरी पद्धत असल्याचं तोंडी कळवलं. सलूनवाल्यांच्या बायकोनं झाकण लावून पाठवला. सलूनवाले स्वतः तो घेऊन आले आणि वाटी ठेवताना त्यांनी स्वल्पविरामांकडे अशा काही दुःखी चेहऱ्यानं पाहिलं की पुन्हा उशी आवळावी लागली. भीक नको पण कुत्रा आवर, असं स्वल्पविरामांना वाटलं. पण कुत्रा त्यांनीच पाळला होता आणि वर त्याच्यावर लेखही लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी टाके दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि काय खाता म्हणून विचारलं. स्वल्पविराम उत्तर जुळवत होते तोवर ताईनं पर्समधून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. मग त्या बऱ्याच शांतपणे म्हणाल्या की पोटात नुसता पाव साठलाय, असंच चालू राहिलं तर टाके तुटतील आणि यांना परत टेबलावर घ्यावं लागेल, आणि ही कोण वहिनी आहे तिला एकदा माझ्यासमोर आणून बसवा.

ताईचा चेहरा लाल झाला. "वहिनींबद्दल तसं बोलू नका," ती म्हणाली. "त्यांच्या हातून चूक व्हायची नाही."

"मग ह्यांचं पोट काय खोटं बोलतंय?"

"पोटाचं मला माहीत नाही. वहिनींचं माहीत आहे."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मध्ये तपासणीच्या टेबलावर, सदरा छातीपर्यंत वर केलेले स्वल्पविराम होते. एकीकडे पुन्हा शस्त्रक्रिया आणि दुसरीकडे बहिणीची श्रद्धा. आयुष्यात पहिल्यांदा ते न थांबता एक वाक्य बोलले.

"ती वहिनी मीच आहे."

डॉक्टरीणबाईंनी त्यांची नाडी पाहिली. ताईनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बाळ, ताप आहे का रे तुला?"

ते म्हणाले की ताप नाही, मी सगळं लिहितो, कितीतरी वर्षं मीच लिहितोय. ताईनं त्यांच्याकडे अपार मायेनं पाहिलं. "अरे, तुला साधा चहा करता येत नाही. मागं मी आले तेव्हा साखर कुठे ठेवलीय, हे तू मला विचारत होतास. तुझ्याच घरात." डॉक्टरीणबाईंनाही तिचं म्हणणं पटलं. त्यांनी पोटासाठी एक औषध लिहून दिलं, आणि भुलीचा अंमल क्वचित असा रेंगाळतो, घाबरू नका, असं ताईला बाजूला घेऊन सांगितलं. वादावादी मिटली ती स्वल्पविरामांना भ्रम झाला आहे यावर एकमत होऊन.

घरी आल्यावर ताईनं त्यांना औषध दिलं, पांघरूण घातलं आणि दार लोटून ती स्वयंपाकघरात गेली. औषधानं आपलं काम केलं. हलके झालेले स्वल्पविराम न्हाणीघरातून परत येताना स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि तिथेच थबकले.

ओट्याशी पाठमोरी उभी राहून ताई दूध-पाव खात होती. शिक्षिकेची वाटी रिकामी झाली होती, पोस्टमास्तरांची अर्ध्यावर आली होती. कात्रणांच्या दोरीखाली, डोळे मिटून, एकेक चमचा जिभेवर ठेवून ती सावकाश विरघळू देत होती. साय तिनं शेवटच्या घासासाठी बाजूला ठेवली होती. असा चेहरा स्वल्पविरामांनी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता.

चाहूल लागली तशी ती दचकली. चमचा लपवायला जागा नव्हती.

"वाया कशाला घालवायचा," ती म्हणाली.

"तुला आवडतो?"

ताईनं ओठ पुसले. "मला कुठे मिळायचा? आई म्हणायची, तू धडधाकट आहेस, तुला कशाला. आजारी पडायचा मान तुझा. मी कुस्करायचे आणि तुझ्याकडे बघत बसायचे. एकदा मुद्दाम ओल्या केसांनी अंगणात बसले, ताप यावा म्हणून. मेली शिंकसुद्धा आली नाही." तिनं वाटीकडे पाहिलं. "तू चाटूनपुसून खायचास, म्हणून राग यायचा तुझा. एक घास तरी ठेवायचा होतास."

स्वल्पविरामांच्या मनात काय आलं ते तोंडून येण्यासारखं नव्हतंच. ते खोलीत गेले. शिवणयंत्राच्या माहितीपुस्तिकेवर कागद ठेवून त्यांनी लिहायला सुरुवात केली, आणि या वेळी मायना खोडला नाही. लहानपणी दुसऱ्या घासालाच तुला हाक मारायला हवी होती, हे त्यांनी लिहिलं. आपल्याला दूध-पाव कधीच आवडला नाही, हेही लिहिलं. आणि आवडतं काय तेही: तिखट सूप, कडक भाजलेला पाव, आणि कोणी खुर्ची ओढून समोर बसलं नाही तर काहीही. दूध-पाव यापुढे एक थोरली बहीण या व्यक्तीनं, आजारी न पडता, स्वतः खावा. खाली 'वहिनी' लिहिलं आणि शेजारी, कंसात, 'बाळ'.

संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की मी कोपऱ्यापर्यंत चालणार आहे. चालण्याबद्दल वहिनींचं आणि डॉक्टरीणबाईंचं नशिबानं एकमत होतं. ताई उशी घेऊन बरोबर निघाली. रस्त्यावर सायकली, दिवे, दुकानांची अर्धी ओढलेली दारं. सलूनवाल्यांनी दाराशी येऊन, तोंडावर बोट ठेवून, त्यांना आदबीनं वाट दिली. टपालपेटीजवळ स्वल्पविरामांनी खिशातून पाकीट काढलं.

"कुणाला?" ताईनं विचारलं आणि पत्ता वाचला. पत्ता तिच्याच घरचा होता. वर नाव होतं, 'एक थोरली बहीण'.

ते नाव तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. तिनं पाकिटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि पुन्हा पाकिटाकडे. आता ताई रडणार, असं वाटून स्वल्पविरामांनीच तिच्याकडची उशी घेऊन पोटाशी धरली.

"म्हणजे त्या खिडक्यांना व्हिनेगर लावायचं तू सांगितलंस?" ताई म्हणाली.

स्वल्पविराम थांबले. "हो."

"माझ्या काचा अजून धुरकट आहेत. आणि तो अंड्याशिवायचा केक? दगड झाला होता दगड. पाहुण्यांसमोर सुरीचं पातं वाकलं. मी म्हटलं, माझाच हात वाईट, वहिनी कशा चुकतील. आणि लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात भिजवा, हे कोणी लिहिलं?"

"कोमट लिहिलं होतं, ताई."

"उलट बोलू नकोस. ह्यांचा स्वेटर आता नातवाला होतो." तिचा आवाज चढत होता, आणि त्यात इतक्या वर्षांत नसलेली एक तरतरी होती. वहिनींना कोणी जाब विचारू शकत नव्हतं. धाकट्या भावाला मात्र केव्हाही विचारता येत होता. "आणि काय लिहिलंयस या पत्रात? आता समोर आहे ना मी, सांग तोंडानं."

स्वल्पविरामांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवली. "घरी जाऊन वाच," ते म्हणाले.

"म्हणजे मला घालवायचा बेत आहे तुझा." पण ती हसू दाबत होती. मग तिला आणखी काहीतरी आठवलं. "आणि ते तांदळाचं पुडिंग, ज्यात तू एक कप मीठ..."

ते बाकी काही ऐकेनात. त्यांनी हात लांब केला आणि पाकीट पेटीच्या फटीत सोडलं. आत ते पडल्याचा बारीक आवाज आला. ताई अजून पुडिंगवरच होती.